साखरपुडा झाला, आता फोटोला मुंबई: खान्देशातल्या जोड्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, चाळीसगाव सगळीकडून फोन येतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय. मी फोटोग्राफर आहे, इकडच्या जोड्यांना प्री-वेडिंगसाठी, म्हणजे लग्नाआधीच्या फोटोंसाठी, घेऊन मुंबईला जात असतो, पुण्यालाही जातो. खाली जे आहे ते मुख्यतः मुंबईचं आहे, बाकी शहरांचं जिथे कामाचं वाटलं तिथे घातलंय.

आधी काय ठरवायचं, जागा का तारीख का कपडे?

तिन्ही नाही. आधी हे ठरवा की फोटो दिसणार कुठे आहेत. हे कोणी विचारतच नाही भो, सरळ इन्स्टाची रील पाठवतात आणि म्हणतात दादा हे असं पाहिजे. पण आपल्याकडे प्री-वेडिंगचे फोटो जातात कुठे ते बघा ना, एक म्हणजे गावाच्या चौकातला फ्लेक्स, दुसरं मंगल कार्यालयाच्या गेटवरचा बोर्ड, तिसरं हळदीच्या नाहीतर रिसेप्शनच्या रात्री एलईडी वॉलवर लागणारा व्हिडिओ, आणि मग स्टेटस, पत्रिकेचा व्हिडिओ वगैरे. फ्लेक्ससाठी असा फोटो लागतो ज्यात तुमच्या आजूबाजूला किंवा वर मोकळी जागा आहे, कारण तिथे नावं, तारीख, आणि निमंत्रकांची ती लांबलचक यादी बसवायची असते. एलईडीला आडवा फोटो लागतो. स्टेटसला उभा. आता जर जागा अशी निवडली की मागे सगळीकडे खिडक्या, वायरी, पाट्या आणि माणसं, तर फ्लेक्सवाला त्यातून तुम्हाला कापून काढतो आणि मागे कुठलातरी ढगांचा नाहीतर राजवाड्याचा बॅकग्राउंड लावून देतो, मग मुंबईला जाऊन काय उपयोग झाला.

आणि दुसरं म्हणजे तो व्हिडिओ हजार-दोन हजार लोकांसमोर चालतो, पहिल्या रांगेत दोन्हीकडचे आबा, नाना, मामा, आत्या बसलेल्या असतात. त्यांच्यासमोर तुम्हाला जे बघायला लाज वाटणार नाही तेच मोठ्या स्क्रीनसाठी काढा. बाकीचं तुमच्या दोघांच्या फोनसाठी वेगळं काढू, त्याला माझी काही हरकत नाही, पण फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा म्हणजे व्हिडिओ जोडणारा पोरगा चुकून ते घालत नाही.

मुंबईच कशाला? पुणे, नाशिक, सुरत नाही चालणार का?

चालेल ना. हे तुम्ही कुठून निघताय त्यावर आहे. जळगावहून मुंबई रेल्वेने साधारण सव्वाचारशे किलोमीटर, रात्री बसलं की सकाळी सीएसएमटीला उतरायचं, म्हणून आमच्याकडचे लोक मुंबई धरतात. भुसावळहून मुंबईला जाणारी खान्देश एक्सप्रेस पण आहे, ती अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत सुरत लाइनने जाते, रोज नाही, आठवड्यातले ठराविक दिवस, तर तिकडच्यांनी दिवस बघून घ्या.

धुळेवाल्यांना मुंबई-आग्रा हायवे दारातून जातो, गाडी काढली की नाशिक अडीच-तीन तासात, मग नाशिकला द्राक्षाच्या बागा, गंगापूर डॅमचं पाणी एवढ्यात पण छान काम होतं. नवापूर नंदुरबारच्या मंडळींनी तर सुरतचा विचार करायलाच पाहिजे, जवळ आहे, बस्ता घ्यायला तसंही तिकडे जाताच तर त्याच खेपेत शूट उरकतं. डुमसच्या बीचची वाळू काळी आहे, त्यावर फिक्या रंगाचे कपडे फार उठून दिसतात.

पुणे त्यांच्यासाठी जे दोघं पुण्यातच नोकरीला आहेत, आणि आजकाल निम्म्या जोड्या तशाच असतात, पोरगा हिंजवडीला पोरगी खराडीला. त्यांनी मुंबईच्या नादी लागू नका, सुट्टी वाया जाते. पुण्यात एम्प्रेस गार्डनची जुनी मोठी झाडं आहेत, कोरेगाव पार्कच्या गल्ल्या आहेत, पानशेत-मुळशीकडे पाणी आणि डोंगर आहे. शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस दोन्ही पुरातत्त्व खात्याकडे आहेत, आत मोठा कॅमेरा, ट्रायपॉड घेऊन शूट करायचं तर परवानगीचं बघावं लागतं. आणि आगाखान पॅलेसला कस्तुरबांची आणि महादेवभाई देसाईंची समाधी आहे, दोघंही तिथे कैदेत असताना गेले, तिथे जाऊन कमरेत हात घालून पोज द्यायची मला तरी बरोबर वाटत नाही, मी तिथे जोड्या नेत नाही.

एका दिवसात किती जागा होतात? आम्ही सात लिहून ठेवल्यात.

एक. फार तर एक सकाळी, एक संध्याकाळी.

गेटवे, मरीन ड्राइव्ह, बांद्रा फोर्ट, जुहू, मढ, फिल्म सिटी, नॅशनल पार्क, ही यादी मला इतक्या जणांनी पाठवलीय की पाठ झालीय. नकाशावर ती बोटाएवढ्या अंतरावर दिसतात, पण गेटवेहून मढला जायचं म्हणजे मुंबईच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, ट्रॅफिकमध्ये अडकलात की चांगला उजेड गाडीतच संपतो, नवरीचा मेकअप गाडीतच उतरतो आणि नवरदेवाचं डोकं पण गाडीतच फिरतं. ज्यांचे फोटो खरंच चांगले आलेत ती सगळी मंडळी एकाच एरियात पायी फिरलेली आहेत.

पायी फिरायला फोर्ट भागासारखं दुसरं काही नाही. सकाळी गाडीतून सीएसएमटीला उतरला, आवरलं, की बाहेर पडल्या पडल्या समोर ती बिल्डिंग, 1888 साली पूर्ण झालेली, 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. महापालिकेच्या मुख्य इमारतीसमोर सेल्फी पॉइंट केलेला आहे तिथून पूर्ण स्टेशन फ्रेममध्ये येतं. तिथून डी. एन. रोडने कमानीखालून चालत हुतात्मा चौक, मग डावीकडे वळून हॉर्निमन सर्कल, आणि त्याच्या पुढे एशियाटिक सोसायटीच्या जुन्या इमारतीच्या त्या प्रसिद्ध तीस पायऱ्या. तिथून बॅलार्ड इस्टेट दहा मिनिटांवर, रविवारी सकाळी ऑफिसं बंद, रस्ते रुंद आणि मोकळे, दोन्ही बाजूला एकसारख्या जुन्या दगडी इमारती. परत फिरून काळा घोडा, तिथून गेटवे. सगळं मिळून तीन-चार किलोमीटर, मधे चहा नाश्ता, आणि प्रत्येक ठिकाणी मागचं दृश्य वेगळं. एवढ्यात पूर्ण अल्बम होतो. हुतात्मा चौकात फक्त एक लक्षात ठेवा, कारंजाचे फोटो काढा पण बाजूचं स्मारक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं आहे, त्यावर टेकून बसू नका.

उजेड कोणत्या जागेला कधी चांगला असतो?

जागा निवडण्याची खरी गोष्ट ही आहे आणि रीलमध्ये हीच कळत नाही.

गेटवेच्या समोर पूर्वेकडचं बंदर आहे. म्हणजे सूर्य पाण्याच्या बाजूने उगवतो. सकाळी लवकर गेलात तर सोनेरी उजेड, बोटी, आणि गर्दी कमी, नऊ वाजले की संपलं, मग फक्त डोकी दिसतात. एशियाटिकच्या पायऱ्या पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी तिथे इमारतीची सावली पडलेली असते, चेहऱ्यावर मऊ उजेड, डोळे बारीक होत नाहीत, तिथे आठ-साडेआठला गेलं तरी चालतं. दुपारनंतर मात्र ऊन थेट तोंडावर.

मरीन ड्राइव्ह उलटं. समुद्र पश्चिमेला, म्हणून संध्याकाळ. पण त्यातही गंमत आहे, चौपाटीच्या बाजूला उभं राहिलात तर सूर्य मलबार हिलच्या मागे जातो, समुद्रात बुडणारा सूर्य पाहिजे असेल तर नरिमन पॉइंटच्या बाजूला जा. सूर्य गेल्यावर लगेच पॅकअप करू नका, पुढची वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं आणि रस्त्यावरचे दिवे पिवळे, त्यात जे फोटो येतात ते एलईडी वॉलवर सगळ्यात भारी दिसतात.

वेळेचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सूर्य सात-सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो, मे महिन्यात सहाच्या आसपास उगवतो आणि सातनंतर मावळतो. आपण खान्देशातले थोडे पूर्वेला आहोत, आपल्याकडे दोन्ही काही मिनिटं आधी होतं, त्यामुळे घरच्या घड्याळावर अंदाज बांधू नका.

थंडीत मुंबईत धुरकं पण असतं. सकाळी लांबचं काही दिसत नाही, सी लिंक तर अर्धी गायब. अशा दिवशी लांबच्या दृश्याचा हट्ट सोडून जवळच्या दगडी इमारती, कमानी, झाडं ह्यांच्यात काम करायचं.

गेटवेला कॅमेरा चालतो का? पोलिस अडवतात म्हणे.

आत जाताना बॅग चेक होते. साधा कॅमेरा हातात घेऊन फोटो काढले तर सहसा कोणी काही म्हणत नाही, पण ट्रायपॉड, लाइट, मोठा रिफ्लेक्टर, धुराच्या कांड्या असलं काही काढलं की पोलिस येणारच, तो भाग सुरक्षेचा आहे आणि त्यांचं काम आहे ते. हुज्जत घालू नका, साहेब दोन फोटो काढून निघतो म्हटलं की बहुतेक वेळा निभतं, नाही म्हटले तर बाहेर ताजच्या बाजूचा रस्ता आहे, तिथून गेटवे मागे येतो.

हाच नियम जवळपास सगळीकडे धरा, हातात कॅमेरा आणि दोघं-तिघं माणसं म्हणजे पर्यटक, स्टँड लाइट आणि सात माणसं म्हणजे शूटिंग, आणि शूटिंग म्हटलं की परवानगी आली.

बांद्र्याला कुठे काढायचे?

बँडस्टँड आणि त्याच्या टोकाला बांद्रा फोर्ट. पोर्तुगीजांनी 1640 मध्ये बांधलेला, आता थोड्या भिंतीच राहिल्यात, पण तिथून सी लिंक दिसते म्हणून सगळे जातात. दुपार टळल्यावर जा, ऊन मागून-बाजूने सी लिंकवर पडतं. अंधार पडल्यावर बाहेर काढतात त्यामुळे सी लिंकचे रात्रीचे दिवे हवे असतील तर किल्ल्याच्या आतून नाही, बाहेरच्या प्रोमनेडवरून बघा. शनिवार-रविवार जाऊ नका, तिथे एका कमानीसाठी चार-पाच जोड्या रांगेत उभ्या असतात, खरं सांगतो, नंबर लावावा लागतो.

सी लिंकवर गाडी थांबवून फोटो काढायचा विचार पण करू नका. थांबायला बंदी आहे, बाइकला तर त्यावर एंट्रीच नाही. कोस्टल रोडचंही तेच.

बांद्र्याच्या जुन्या गल्ल्या, रानवर, चॅपल रोड, भिंतींवरची चित्रं, किंवा गिरगावातली खोताची वाडी, ह्या लोकांच्या राहत्या घरांच्या जागा आहेत. कोणाच्या ओट्यावर बसायच्या आधी विचारा. आपल्या गल्लीत कोणी न विचारता येऊन पोज देऊन राहिलं तर आपली काकू काय म्हणेल, तेच तिथली काकू म्हणते, फक्त कोंकणीत नाहीतर इंग्रजीत.

बीचवर फोटो पाहिजेत. आम्ही दोघांनी समुद्र नीट पाहिलेला पण नाही.

मग आधी अर्धा तास नुसता समुद्र बघा, फोटो नंतर.

बीच निवडताना भरती-ओहोटीची वेळ बघायची असते, ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, नेटवर सहज मिळते. ओहोटीला वाळू ओली आणि सपाट असते, तिच्यावर आकाशाचं आणि तुमचं प्रतिबिंब पडतं, तो फोटो सगळ्यांना पाहिजे असतो पण भरतीला गेलात तर मिळणारच नाही. ओहोटी आणि सूर्यास्त एका वेळी येतात असा दिवस निवडायचा. जुहू जवळ आहे पण गर्दी, वर्सोवा त्यातल्या त्यात बरा, अक्सा मोकळा आहे पण तिथलं पाणी धोक्याचं आहे, दरवर्षी माणसं बुडतात, घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही हे नवरदेवालाच जास्त सांगावं लागतं. मढच्या किल्ल्यात परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. मरीन ड्राइव्हला टेट्रापॉडवर, म्हणजे कठड्याखालच्या त्या मोठ्या काँक्रीटच्या दगडांवर, उतरू नका, शेवाळ असतं, पाय सटकला की दोन दगडांच्या मधे.

साडी किंवा घागरा समुद्राच्या पाण्यात भिजवायचा असेल तर तो शेवटचा ड्रेस ठेवा. खारट पाणी आणि जरीचं काम, हे जमत नाही, पैठणी घेऊन पाण्याजवळ सुद्धा जाऊ नका.

लग्न आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास आहे. शूट कधी करावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उरकून टाका. एप्रिल-मेमध्ये लोक म्हणतात आपल्याकडे पंचेचाळीस असतं, मुंबईत तर तेहतीस-चौतीसच आहे, मस्त. मस्त नाही ना भो. आपलं ऊन कोरडं, सावलीत गेलं की बरं वाटतं, तिथे सावलीत पण घामाची धार लागते, शेरवानीच्या पाठीवर नकाशा उमटतो आणि मेकअप दर दहा मिनिटाला टिपावा लागतो. मेमध्येच जमणार असेल तर सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, मधे एसीत झोपा.

पावसाळ्यात मुंबई दिसते छान, ढग, ओले रस्ते, छत्री. पण जुलै-ऑगस्टमध्ये मोठी भरती असते त्या दिवशी मरीन ड्राइव्हला पोलिस कठड्याजवळ जाऊ देत नाहीत, गाड्या बंद पडतात, आणि तुमची परतीची गाडी कसारा घाटात अडकू शकते. तुळशीच्या लग्नानंतर ज्यांचं लगेच लग्न आहे आणि दुसरा इलाज नाही त्यांनीच पावसाचा विचार करावा, तो पण कमानी आणि छतं असलेल्या फोर्ट भागात.

ड्रोन उडवायचाय.

मुंबईत विसरा. विमानतळ, नौदल, आणि मुंबई पोलिस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतच असतात. गावाकडे शेतात पण आधी सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटच्या नकाशावर आपला भाग हिरवा, म्हणजे ड्रोनला मोकळा, आहे का बघा, तसा असेल तर गावाकडचंच दृश्य ड्रोनला जास्त शोभतं.

नॅशनल पार्क, कान्हेरी, एलिफंटा?

बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद, एलिफंटा पण सोमवारी बंद, हे आधी लिहून घ्या कारण आपली मंडळी रविवार चुकवून सोमवारी जातात. पार्कात प्री-वेडिंगसाठी वेगळी परवानगी आणि पैसे लागतात. कान्हेरी आणि एलिफंटाची लेणी पुरातत्त्व खात्याची आहेत, ट्रायपॉड नाही. एलिफंटाला गेटवेहून बोटीने तासभर, वर पायऱ्या, माकडं पिशवी ओढतात, नऊवारी आणि दागिन्यांत ते झेपत नाही. लेण्यांचीच हौस असेल तर अजिंठा आपल्या जळगावहून साठ किलोमीटरवर आहे, पण तिथे पण शूट करू देतील ह्या आशेने जाऊ नका, बघायला जा.

लोकलमध्ये किंवा प्लॅटफॉर्मवर फोटो काढता येतात का, सिनेमासारखे?

रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक शूटिंगला परवानगी लागते. मोबाइलवर दोन फोटो वेगळे. दारात लटकून वगैरे पोज मी कोणालाही देऊ देत नाही, परवानगीचा विषयच नाही तो. आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, दिवसा मधल्या वेळात गाड्या कमी आणि खच्चून भरलेल्या, त्यात घागरा घेऊन चढायचं नाही. टॅक्सी करा.

कपडे कुठे बदलायचे?

हा प्रश्न जागेच्या आधी विचारायला पाहिजे. पोरं म्हणतात गाडीत बदलू, पण बदलायचं पोरीला असतं. तीन ड्रेस म्हणजे तीन वेळा बंद दाराची खोली, आरसा, पंखा आणि स्वच्छ बाथरूम. जिथे हे नाही ती जागा यादीतून काढून टाका, कितीही सुंदर असू दे.

सीएसएमटीला उतरणार असाल तर रेल्वेची रिटायरिंग रूम तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीतून बुक होते, स्वस्त पडते, पण लवकर भरते. नाहीतर फोर्ट-कुलाब्याला छोट्या हॉटेलात दिवसभराची खोली घ्या. बुक करताना आधार कार्डाचं आणि लग्न झालेलं नाही ह्याचं आधीच बोलून घ्या, तिथे गेल्यावर रिसेप्शनवर वाद नको, सोबत बहीण असेल तर प्रश्नच मिटतो. कॅफेत कॉफी पिऊन त्यांच्या बाथरूममध्ये घागरा बदलणारे पण असतात, कॅफेवाले आता ओळखायला लागलेत.

कोणत्या जागेला कोणता रंग?

फोर्टच्या इमारती पिवळट-तपकिरी आणि काळ्या दगडाच्या, तिथे जांभळा, गडद हिरवा, मोरपंखी, पैठणीचे सगळे रंग उठतात. क्रीम आणि सोनेरी शेरवानी दगडात हरवून जाते. समुद्राजवळ पांढरा, पिवळा, गुलाबी. निळं नको, मागे सगळं निळंच आहे. हिरव्या बागेत हिरवं नको हे वेगळं सांगायला नको पण सांगतो, कारण नवरीचा साखरपुड्याचा शालू हिरवा असतो आणि तोच घालायचा हट्ट असतो. मग त्याच्यासाठी दगडी इमारत निवडा, बाग नको.

दोघांनी एकाच रंगाचे कपडे घालायची गरज नाही. बॅन्डपथक वाटतं.

घरचे म्हणतात लग्नाआधी एवढ्या लांब दोघं कशाला. काय सांगायचं?

खोटं सांगून जाऊ नका, फोटो शेवटी फ्लेक्सवर लागणारच आहेत.

बरेच समाज आता बैठकीत ह्यावर बोलतात, काही ठिकाणी प्री-वेडिंग नको असे ठराव पण झालेत, आणि जे म्हणतात त्यांचं सगळंच चुकीचं नाही, कर्ज काढून शूट करणारे मी पाहिलेत. मला विचाराल तर नवरीची बहीण किंवा वहिनी आणि नवरदेवाचा एखादा भाऊ सोबत न्या. पदर धरायला, बॅगा सांभाळायला, गर्दीत माणसं बाजूला करायला तसंही कोणी लागतंच. आई-वडिलांना पण घेऊन येणारे असतात, आणि गेटवेसमोर सगळ्या कुटुंबाचा एक फोटो काढला की आबांचा विरोध तिथेच संपतो. हाव, फक्त मग दुपारचं जेवण शेव-भाजीचं कुठे मिळेल हे शोधत बसायची तयारी ठेवा.

जागेचं म्हणाल तर घरच्यांची काळजी असेल तेव्हा मोकळी सार्वजनिक जागा निवडा. रिसॉर्ट, बंगला असलं काही निवडलं की वाद वाढतो.

किल्ल्यावर शूट करायचं आहे, सिंहगड किंवा रायगड.

नको. महाराजांच्या गडावर प्री-वेडिंग केल्यावर लोक चिडतात आणि मला ते पटतं. दोघांनी गड चढा, दर्शन घ्या, वर पोचल्यावर एक साधा फोटो काढा, तो अल्बममध्ये लावू.

गर्दीत लाज वाटते, लोक बघतात.

मुंबईत कोणी बघत नाही, ज्याला त्याला आपली गाडी पकडायची असते. आपल्या गावात जास्त बघतील. तरी वाटत असेल तर पहिला अर्धा तास पोज नको, नुसतं चाला, बोला, मी लांबून काढतो, तेच पुढे सगळ्यात चांगले निघतात. म्हणूनच लांब सरळ रस्ता असलेली जागा बुजऱ्या जोड्यांना बरी, बॅलार्ड इस्टेटसारखी, चालायला जागा पाहिजे.

कोणत्या तारखा टाळायच्या?

जानेवारीचा तिसरा रविवार, मुंबई मॅरेथॉन, दक्षिण मुंबईचे रस्ते बंद. जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा फेस्टिव्हल, त्या भागात पाय ठेवायला जागा नसते. 4 डिसेंबरला नौदल दिन, त्या दिवसांत गेटवेचा भरवसा नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला लाखो लोक येतात, गाड्यांत जागा त्यांची आहे, आपण पुढच्या आठवड्यात जाऊ. 31 डिसेंबर, गणपती विसर्जन हे तर कळतंच.

पैसे भरून तयार सेट असतात ते कसे?

एका जागी वीस बॅकग्राउंड, चेंजिंग रूम, बाथरूम, एसी. सोय पूर्ण. पण लंडनचा टेलिफोन बूथ आणि खोटी ट्रेन, तीच ट्रेन तुमच्या मावसभावाच्या फोटोत पण आहे. उन्हाळ्यात किंवा पावसात पर्याय म्हणून ठीक.

फोटोग्राफर इकडचा न्यायचा का तिकडचा घ्यायचा?

मी इकडचाच आहे त्यामुळे माझं उत्तर तुम्हाला माहितीय. तरी सांगतो, तिकडच्याला जागा माहिती असतात, प्रवासाचा खर्च वाचतो. इकडच्याला तुमचे घरचे माहिती असतात, आणि लग्न पण तोच काढणार असेल तर तुमचा चेहरा कोणत्या बाजूने चांगला हे त्याला आधीच कळतं. कोणीही घ्या, एक विचारा, त्या जागेवर त्याने त्या वेळेला काढलेले फोटो आहेत का. दुसऱ्या वेळेचे दाखवत असेल तर ते धरू नका.

मुंबईचं नाहीच जमलं तर?

तर इकडे काढू ना. रावेर-यावलकडे केळीच्या बागा आहेत, सकाळी आत शिरलं की मोठ्या पानांतून गाळून उजेड येतो, असा उजेड पैसे भरून सेटवर मिळत नाही, फक्त केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही, म्हणून जुना कुर्ता आधी आणि चांगला ड्रेस बागेच्या बाहेर. चाळीसगावला पाटणादेवी, डोंगर आणि जंगल, पण ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या गेटवर विचारून जा आणि देवळाच्या आवारात पोज नकोत. तोरणमाळचं तळं आणि थंडीतलं धुकं, तिथे घाटरस्ता आहे, मुक्कामच करा. जळगावात मेहरूण तलाव संध्याकाळी. मुंबई आणि हे दोन्ही करायचं असेल तर साखरपुड्यानंतरच्या पहिल्या थंडीत मुंबई उरकून घ्या आणि बागेचे फोटो हळदीच्या दोन दिवस आधी ठेवा, पाहुणे यायला लागलेले असतात, गाडी आणि मदतीला पोरं घरचीच मिळतात.